मद्रासचा शल्यवैद्य आणि त्याचे संग्रहालय

सरकारी सेवेत अतिरिक्त कार्यभार नावाची एक जुनी सोय आहे. ज्या पदाला स्वतंत्र अधिकारी देण्याइतके महत्त्व शासनाला वाटत नाही आणि जे पद मोडीत काढण्याचे धाडसही होत नाही, ते दुसऱ्याच कामात बुडालेल्या एखाद्या अधिकाऱ्याच्या माथी मारले जाते. पुराभिलेख, गॅझेटिअर आणि वस्तुसंग्रहालये ही अशा कार्यभाराची हक्काची क्षेत्रे. माझ्या सेवाकाळात या खात्यांतील बदली ही शिक्षा समजली जाई आणि तेथे गेलेला अधिकारी पहिल्या दिवसापासून दुसरी जागा शोधू लागे. म्हणूनच दक्षिण भारतातील एका थोर संग्रहालयाची उभारणी एका लष्करी डॉक्टराने आपल्या मुख्य कामाच्या जोडीने केली, ही घटना इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला जितकी विलक्षण वाटते, तितकीच माजी प्रशासक म्हणून अस्वस्थ करते. मद्रासच्या सरकारी संग्रहालयाचे पहिले प्रमुख एडवर्ड ग्रीन बाल्फोर यांचे चरित्र म्हणजे सरकारला ज्ञान कशासाठी हवे असते आणि ते टिकवण्याची त्याची तयारी किती असते, याचा एक लांबलचक पुरावाच आहे.

बाल्फोर यांचा जन्म १८१३ सालचा, स्कॉटलंडमधील माँट्रोझ या बंदराच्या गावातला. वडील कॅप्टन जॉर्ज बाल्फोर ईस्ट इंडिया कंपनीच्या सागरी सेवेत होते. आई सुझन ही जोसेफ ह्यूम यांची बहीण. या मामांकडे लक्ष दिल्याशिवाय भाच्याचा स्वभाव कळत नाही. ह्यूम स्वतः तरुणपणी कंपनीचे डॉक्टर म्हणून हिंदुस्थानात येऊन गेले होते. पुढे ब्रिटिश पार्लमेंटात ते जहाल गटाचे सभासद झाले आणि सरकारी खर्चातील प्रत्येक रकमेचा हिशेब मागणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती झाली. हेच ह्यूम सार्वजनिक वास्तू आणि संग्रह सामान्य लोकांना मोफत पाहायला मिळावेत म्हणूनही झगडत. पैसा काटेकोरपणे खर्च व्हावा, पण त्यातून उभे राहिलेले सर्वांना खुले असावे, हा त्यांचा आग्रह होता. भाच्याने दोन्ही गोष्टी उचलल्या. थोरला भाऊ जॉर्ज मद्रासच्या तोफखान्यात शिरला आणि पुढे शांघायमधील पहिला ब्रिटिश वकील झाला. एडवर्ड यांनी एडिंबरात शल्यचिकित्सेचे शिक्षण घेतले आणि १८३४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते हिंदुस्थानाकडे निघाले.

वाटेत जहाज मॉरिशसला थांबले. उसाच्या मळ्यांसाठी रान तोडून उघडी पडलेली जमीन आणि आटलेले झरे त्यांनी तेथे पाहिले. मद्रास इलाख्यात पोहोचले तेव्हा गुंटूरच्या भीषण दुष्काळाला जेमतेम एक-दोन वर्षे झाली होती. १८३२-३३च्या त्या दुष्काळाने तेलुगू मुलखातील गावेच्या गावे ओसाड केली होती. मद्रास सैन्यातील डॉक्टर म्हणून पलटणींबरोबर हिंडताना बाल्फोर या दोन दृश्यांचा सांधा जुळवू लागले.

त्यांची पद्धत अशी की, आधी मोजायचे आणि मग बोलायचे. सैनिक लढाईत मरतात त्याहून कितीतरी अधिक छावणीत मरतात, हे त्या काळी सर्वांना ठाऊक होते. पण कोणत्या छावणीत किती आणि का, याचे कोष्टक मांडणारे थोडे होते. बाल्फोर यांनी १८४०च्या दशकात सैनिकांच्या आजार-मृत्यूची आकडेवारी गोळा करून छावण्यांच्या जागा आरोग्याच्या निकषावर निवडाव्यात असे मांडले. त्याच दशकात झाडांचा देशाच्या हवामानावर होणारा परिणाम या विषयावर त्यांनी मद्रासच्या साहित्य व विज्ञानविषयक नियतकालिकासाठी निबंध लिहिला. वृक्षतोडीने ओलावा कमी होतो, झरे आटतात आणि त्याची परिणती अखेर दुष्काळात होते, असा त्याचा रोख होता. त्यातील सगळे अनुमान आजच्या हवामानशास्त्राला मान्य होईल असे नाही. झाडांमुळे पाऊस किती वाढतो हा वाद अजून मिटलेला नाही. परंतु दुष्काळ ही केवळ दैवी आपत्ती नसून जमिनीच्या वापराशी निगडित गोष्ट आहे, म्हणजेच तिची काही जबाबदारी राज्यकर्त्यांवर येते, हा विचार कंपनी सरकारच्या एका नोकराने लेखी मांडावा, याचे महत्त्व मोठे आहे. १८५६ साली मद्रास इलाख्यात वनखाते उभे राहिले, त्याचे पहिले प्रमुख ह्यू क्लेगहॉर्न हेही डॉक्टरच होते. त्या पिढीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानातील वनधोरणाची भूमी नांगरली, असे म्हणायला हरकत नाही.

आता संग्रहालयाकडे वळतो. मद्रासच्या लिटररी सोसायटीने १८४६ साली अशा संग्रहालयाची मागणी केली. लंडनच्या संचालकांची मंजुरी मिळवण्यात आणि जागा ठरवण्यात पाच वर्षे गेली. १८५१ साली फोर्ट सेंट जॉर्ज कॉलेजच्या वरच्या मजल्यावर ते सुरू झाले, तेव्हा हाताशी सोसायटीने दिलेले सुमारे अकराशे भूशास्त्रीय नमुने होते, म्हणजे मुख्यतः दगड. प्रभारी म्हणून बाल्फोर यांची नेमणूक झाली. वैद्यकीय सेवा चालूच होती. पुढे टांकसाळीतील धातुपरीक्षेचे काम आणि कर्नाटकच्या नवाबांच्या दरबारातील राजकीय प्रतिनिधीचे कामही त्यांच्याकडे आले.

अकराशे दगडांचे संग्रहालय आठ-नऊ वर्षांत कोठल्या कोठे गेले. बाल्फोर यांनी इलाख्यातील कलेक्टर, अभियंते, डॉक्टर, पाद्री, संस्थानिक, व्यापारी यांना पत्रे पाठवून वस्तू मागवल्या. लाकडाचे तुकडे, बिया, तंतू, रंगाची मुळे, धातुके, जीवाश्म, शिंपले, पक्षी, साप, नाणी, शस्त्रे, मूर्ती असे जे मिळेल ते येऊ लागले. पण त्यांचे खरे कर्तृत्व मागवण्यात नव्हते. आलेल्या वस्तूची नोंद करून तिच्याविषयी छापील अहवाल काढण्यात होते. ज्या नमुन्याच्या चिठ्ठीवर ठिकाण, दिवस आणि आणणाऱ्याचे नाव नसते, तो नमुना नसून शोभेची वस्तू असते. ही साधी गोष्ट आजही आपल्या कितीतरी जिल्हा संग्रहालयांत पाळली जात नाही. दरवाजाशेजारी ठेवलेला वीरगळ कोणत्या गावचा, हे विचारले तर पहारेकरी समोरच्या झाडाकडे बोट दाखवतो.

दोन उदाहरणे देतो. १८५५ साली बाल्फोर यांनी मद्रास इलाख्यातील लोहधातुके, लोखंड-पोलादाचे उत्पादन आणि कोळसा यांवर अहवाल प्रसिद्ध केला. सेलमच्या परिसरातील उत्तम धातुक आणि पोर्टो नोवो येथे युरोपीय भांडवलाने उभारलेला, पण कायम तोट्याशी झगडणारा लोखंडाचा कारखाना, हे तेव्हाचे मोठे कोडे होते. धातुक मुबलक असले तरी भट्टीला लागणारा लोणारी कोळसा जंगलातून येई आणि जंगल मागे मागे सरके. संग्रहालयाच्या कपाटातील दगड आणि दुष्काळावरचा निबंध अशा ठिकाणी एकमेकांना भेटतात. दुसरे उदाहरण गट्टापर्चाचे. हा झाडाचा चीक तारायंत्राच्या पाण्याखालील तारांवर वेष्टन म्हणून लागत असे आणि तो मलाया द्वीपसमूहातून आणावा लागे. तसाच चीक देणारे झाड दक्षिण हिंदुस्थानात सापडते का, याचा शोध चालू होता. बाल्फोर यांनी त्याविषयीही टिपण छापले. वरवर पाहता हा साम्राज्याच्या नफ्याचा शोध होता आणि तो तसा होताच. पण त्यासाठी जमवलेल्या फांद्या, पाने, फुले आणि गावांची नावे यांतून त्या वेळच्या सह्याद्रीची जी नोंद झाली, ती नफ्याहून अधिक काळ टिकणारी होती.

जमवणाऱ्याने जो प्रश्न कधी विचारलाच नव्हता त्याचे उत्तर संग्रह देऊ शकतो, हे संग्रहालयांच्या बाबतीत अर्थखात्याला पटवून देणे मला नेहमीच कठीण गेले. इंग्लंडमध्ये १९६०च्या दशकात शाहीन ससाण्यांची संख्या झपाट्याने घटल्याचे दिसून आले, तेव्हा डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतील अंड्यांची कवचे मोजून पाहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर, म्हणजे डीडीटीसारखी कीटकनाशके आल्यानंतर, कवचे पातळ झाल्याचे त्यांना आढळले. अंडी जमवणाऱ्या हौशी लोकांच्या मनात कीटकनाशक नव्हते. आपल्या २००२च्या जैवविविधता कायद्याने जैविक नमुन्यांसाठी अधिकृत भांडारे ठरवण्याची तरतूद केली, ती याच जाणिवेतून. तरतूद झाली, पण भांडारातल्या माणसांचे काय, हा प्रश्न तेथेही उरतोच.

१८५४ साली संग्रहालय एग्मोरमधील पँथिऑन या वास्तूत गेले. ही बाग आणि इमारत पूर्वी इंग्रज रहिवाशांच्या मेजवान्या, नृत्ये आणि नाटके यांसाठी होती. तेथे आता देशी माणूस दगड आणि हाडे पाहायला येणार होता. पण येणार का, ही शंका बाल्फोर यांनाही होती, कारण लोखंडाच्या धातुकासाठी कोणी दोन कोस चालत येत नाही. मग एक वाघाचा बछडा आणि एक बिबळ्या आवारात ठेवण्यात आला आणि गर्दी लोटली. बाल्फोर यांनी त्यातून लगेच धडा घेतला: १८५५मध्ये आवारातच प्राणिसंग्रह सुरू झाला, नवाबांनीही आपल्याकडचे प्राणी दिले आणि वर्षभरात ही संख्या तीनशेच्या पुढे गेली. वाघ पाहायला आलेला माणूस परतताना दालनातून जाई. विद्वानांना हा प्रकार थोडा उथळ वाटला असावा. मला मात्र लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेचा तो सर्वात शहाणा निर्णय वाटतो. १८६३ साली हे प्राणी नव्या पीपल्स पार्कमध्ये हलवले गेले आणि त्यातून मद्रासचे प्राणिसंग्रहालय वाढले.

याच काळात अमरावतीच्या शिळांचे प्रकरण घडले. कृष्णाकाठच्या अमरावतीतील बौद्ध स्तूपाच्या कोरीव शिळा गुंटूरला काम पाहणाऱ्या वॉल्टर एलियट यांनी १८४५ साली खणून काढल्या आणि मद्रासला आणवल्या. तेथे त्या कित्येक वर्षे उघड्यावर ऊन-पाऊस खात पडल्या. संग्रहालय स्थापन झाल्यावर बाल्फोर यांनी त्यांचा माग काढला, त्या ताब्यात घेतल्या आणि विल्यम टेलर यांच्याकडून १८५६ साली त्यांच्यावर अहवाल लिहून घेतला. १८५८मध्ये लिनियस ट्राइप या लष्करी छायाचित्रकाराने शिळान्‌शिळा टिपली. शोध, सूची, छायाचित्र असा हा क्रम आजच्या कोणत्याही नियमपुस्तिकेत शोभेल. आणि मग १८५९ साली त्यांतील शंभराहून अधिक शिळा जहाजावर चढवून लंडनला पाठवण्यात आल्या.

मद्रासच्या हवेत त्या खराब होतील, लंडनमध्ये सुरक्षित राहतील, असा हिशेब होता. प्रत्यक्षात त्या इंडिया म्युझियमच्या ताब्यातील फाइफ हाउसमध्ये पोहोचल्या आणि काही तर बाहेरच्या भिंतीला लावण्यात आल्या. म्हणजे मद्रासच्या उन्हातून वाचवलेला चुनखडीचा दगड लंडनच्या धुरात आणि धुक्यात उभा राहिला. उरलेल्यांची कोणाला आठवणही नव्हती. १८६७ साली वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांना त्या घोडागाड्या ठेवण्याच्या कोठीत सापडल्या, तेव्हा त्यांचे मोल विद्वानांच्या ध्यानात आले. १८८०च्या सुमारास त्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या, त्या आजतागायत तेथेच आहेत. पुढील उत्खननांतून मिळालेल्या शिळा मद्रासला राहिल्या आणि चेन्नईच्या दालनात पाहता येतात. वारसा परत आणण्याच्या आजच्या चर्चेत मूळ चोरी आणि लूट यांवर भर असतो. अमरावतीचे प्रकरण दोन्हींत नीट बसत नाही. तेथे लूट झाली ती सरकारी पत्रव्यवहाराने, पोच घेऊन, आणि ज्या अधिकाऱ्याने शिळा वाचवल्या त्याच्याच कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षी.

बाल्फोर यांना मोठे करताना ही बाजू झाकण्याचे कारण नाही. ते साम्राज्याचे चाकर होते. कर्नाटकचे नवाब गुलाम गौस खान, ज्यांनी प्राणी दिले, ते १८५५ साली निपुत्रिक वारले. डलहौसींच्या धोरणानुसार नवाबपद खालसा झाले. सातारा आणि नागपूर यांचा अनुभव असलेल्या मराठी वाचकाला ही कहाणी वेगळी सांगायला नको. त्यानंतर १८५८ ते १८६१ या काळात त्याच नवाबांच्या कर्जाचा निवाडा करणाऱ्या आयोगावर बाल्फोर होते. दरबारात ज्याच्याशी सलोखा केला त्याच्या घराची यादी करायला बसणे, यातली विसंगती त्यांना जाणवली असेल तर कागदावर तसे काही उमटलेले नाही. मध्य भारतातील भटक्या जमातींवर त्यांनी १८४०च्या दशकात केलेले लेखन बारकाव्यांनी भरलेले आहे. बंजारे, पारधी यांच्या चालीरीती आणि बोली त्यांनी टिपल्या. पण अशाच वर्णनांच्या थरावर पुढे १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा उभा राहिला आणि ज्यांचे वर्णन झाले त्यांच्या कित्येक पिढ्या पोलीस हजेरीत गेल्या. त्याच संग्रहालयात १८८५ला आलेले एडगर थर्स्टन तर जातीजातींची डोकी आणि नाके मोजू लागले. त्यांचे सात खंड १९०९ साली बाहेर पडले आणि आजही संदर्भासाठी उघडले जातात. जातगणनेवर सध्या चाललेल्या वादात दोन्ही बाजूंनी मोजणीच्या हेतूविषयी बोलले जाते. मद्रासच्या संग्रहालयात हेतू बदलत गेलेले दिसतात, मोजपट्टी मात्र तीच राहते.

तरीही बाल्फोर आणि त्यांच्यासारख्या इतरांत एक फरक मला दिसतो. जमवलेले ज्ञान ज्यांच्यातून जमवले त्यांच्यापर्यंत परत पोहोचावे, याची त्यांना खरीच तळमळ होती. ते हिंदुस्थानी आणि फारसी उत्तम जाणत. मद्रासला १८५०च्या सुमारास मुस्लिम सार्वजनिक ग्रंथालय त्यांच्या पुढाकाराने सुरू झाले. काँक्वेस्ट यांचा प्रसूतिशास्त्रावरील ग्रंथ त्यांनी हिंदुस्थानीत आणला आणि तमिळ, तेलुगू, कन्नड भाषांतरे करवून स्वखर्चाने छापली. खगोलशास्त्राचे एक पुस्तकही असेच पदरमोड करून हिंदुस्थानीत काढले. स्वतःच्या पगारातून सरकारी काम करणारे अधिकारी प्रत्येक काळात असतात. त्यांची संख्या पाहून शासनाने आपल्या अंदाजपत्रकाविषयी काळजी करायला हवी.

संग्रहालयातील नोंदींचा सर्वात मोठा वारसा म्हणजे त्यांचा हिंदुस्थानचा ज्ञानकोश. मद्रासला १८५५ आणि १८५७ साली कच्चा माल आणि उद्योगांची प्रदर्शने भरली, त्यांच्या आयोजनात संग्रहालयाचा मोठा हात होता. त्या वस्तूंची माहिती, संग्रहालयाची दप्तरे आणि अफाट वाचन यांतून १८५७ साली हा कोश एका खंडात प्रसिद्ध झाला. खनिज, वनस्पती, प्राणी, कारागिरी, जमाती, गावे, औषधे असे सगळे त्यात वर्णानुक्रमे आले. एका झाडाची पाच-सहा भाषांतील नावे एकाखाली एक वाचताना हा कोश टेबलावर बसून नव्हे, तर कलेक्टरांच्या पत्रांतून उभा राहिला आहे हे उमगते. लाकडांवरचा त्यांचा स्वतंत्र ग्रंथही त्याच सुमाराचा. कोशाची दुसरी आवृत्ती १८७१ ते १८७३ या काळात पाच खंडांत निघाली. ज्ञानकोशकार केतकरांच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला एकहाती कोशाच्या खटाटोपाची किंमत समजावून सांगण्याची गरज नाही.

१८५९ साली बाल्फोर यांनी संग्रहालय सोडले. जेसी मिचेल, जॉर्ज बिडी आणि थर्स्टन असे सक्षम उत्तराधिकारी मिळाले, हे मद्रासचे भाग्य. पण बाल्फोर यांनी बेल्लारी, राजमहेंद्री आदी जिल्ह्यांच्या ठिकाणी शाखा संग्रहालये काढण्याचा जो घाट घातला होता, तो ते गेल्यावर दोन-तीन वर्षांतच गुंडाळला गेला. जिल्ह्याचे संग्रहालय एका उत्साही अधिकाऱ्यावर चालते आणि त्याच्या बदलीबरोबर बंद पडते, ही आपली परंपरा इतकी जुनी आहे. मुंबईची गोष्ट त्याहून करुण. तेथील सरकारी मध्यवर्ती संग्रहालयाच्या वस्तू फोर्टातील टाउन बॅरॅक्समध्ये मांडल्या होत्या. १८५७च्या उठावात सैनिकांना जागा हवी म्हणून त्या घाईने बाहेर काढल्या गेल्या आणि बरेच काही नष्ट झाले. नंतर जॉर्ज बर्डवुड, हेही डॉक्टरच, यांनी उरलेल्या आणि नव्या वस्तूंतून तो संग्रह पुन्हा उभा केला. आज भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने आपण पाहतो ते हेच संग्रहालय.

२६ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीतील राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय आगीत भस्म झाले. १९७८ साली सुरू झालेली ही राष्ट्रीय संस्था मंडी हाउसजवळ एका उद्योग-संघटनेच्या इमारतीत भाड्याच्या जागेत होती. स्वतःच्या इमारतीसाठीची प्रतीक्षा चार दशकांच्या घरात गेली होती. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत डायनोसॉरच्या जीवाश्माचा उल्लेख होता. कोणत्या कपाटात काय होते आणि त्याच्या चिठ्ठीवर काय लिहिले होते, याविषयी सार्वजनिक चर्चा झाल्याचे मला आठवत नाही.

संग्रहालयानंतरच्या बाल्फोर यांच्या आयुष्याचा मोठा भाग ब्रह्मदेश, मलाक्काकडील वसाहती, अंदमान, म्हैसूर आणि हैदराबाद येथील वैद्यकीय प्रशासनात गेला. १८७१ साली ते मद्रास इलाख्याच्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख, सर्जन जनरल, झाले. पडद्यातील आणि उच्चवर्णीय घरांतील स्त्रिया पुरुष डॉक्टरला दाखवत नाहीत आणि रुग्णालयातही येत नाहीत. मग अर्ध्या लोकसंख्येवर उपचार करण्याचे खात्याचे दावे कागदी ठरतात, ही गोष्ट त्यांनी सरकारपुढे मांडली. त्यांच्या दृष्टीने उपाय एकच होता: स्त्रियांनाच डॉक्टर करणे. प्रसूतिशास्त्राची भाषांतरे छापणारा माणूस पंचवीस वर्षांनी तेथे पोहोचला, यात मला एक सरळ रेषा दिसते. १८७५ साली मद्रास मेडिकल कॉलेजचे दार स्त्रियांसाठी उघडले आणि मेरी शार्लीब यांच्यासह चार स्त्रिया आत गेल्या. लंडन आणि एडिंबरा येथे अजून वैद्यकीय शिक्षणाची दारे स्त्रियांना धडपणे उघडलेली नव्हती. आनंदीबाई जोशी १८८३मध्ये फिलाडेल्फियाला निघाल्या तेव्हा हिंदुस्थानात मद्रासचा हा मार्ग अस्तित्वात होता. तो का पुरेसा नव्हता याचे उत्तर कॉलेजाच्या नियमांपेक्षा कल्याण-कलकत्त्याच्या समाजात शोधावे लागते. त्याच वर्षी, १८७५ला, बाल्फोर यांनी वैद्य आणि हकीम यांच्या ज्ञानाची तपासणी करणारी एक पुस्तिकाही काढली. खेड्यातील रुग्ण त्यांच्याकडेच जाणार, तेव्हा त्यांना नवे ज्ञान द्यावे, हा तिचा व्यवहारी सूर होता.

१८७६ साली बेचाळीस वर्षांच्या सेवेनंतर ते निवृत्त झाले. हिंदू, मुसलमान आणि युरोपीय रहिवाशांनी मिळून त्यांना मानपत्र दिले आणि त्यांचे तैलचित्र संग्रहालयात लावण्यात आले. त्याच वर्षी पाऊस हुकला आणि मद्रास, म्हैसूर, दख्खन यांना गिळणारा महादुष्काळ सुरू झाला. झाडांवरच्या त्यांच्या निबंधाला तेव्हा तीस वर्षे होत आली होती.

लंडनला परतल्यावर त्यांनी पुढील सात-आठ वर्षे कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीवर घालवली. ती १८८५ला तीन खंडांत आली. दोन वर्षांनी हिंदुस्थानातील शेतीच्या किडींवर त्यांनी पुस्तक लिहिले, वय चौऱ्याहत्तर. ८ डिसेंबर १८८९ रोजी ते हाइड पार्कजवळच्या घरी वारले. १८९१ साली मद्रास विद्यापीठात स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाला उत्तेजन देण्यासाठी त्यांच्या नावाचे सुवर्णपदक ठेवण्यात आले.